बारशाआधीची दोन

या मायबाप, असे पुढे सरका. देवाचं नाव घेऊन एका बाईची गोष्ट सांगतो. खरं लिहिलं, एवढाच तिचा अपराध.

साल दोन हजार दोन. शिरूरच्या एका सभागृहात पुण्याहून आलेल्या साहेबांनी कॉम्प्युटर मांडला होता. देशोदेशी घरोघर जाऊन विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात भरलेली. देश निवडायचा, प्रश्न निवडायचा, की भिंतीवर रंगीत खांब उभे राहत. साहेबांनी जन्मल्यावर महिन्याच्या आत गेलेली बाळं विचारली. श्रीलंकेचा खांब बुटका राहिला. आपला लाल खांब वर चढत गेला.

सरपंच पोपटराव उठले. त्यांच्या गावचे या पाहणीचे फॉर्म दौंडच्या चांगुणेने घरोघर फिरून भरले होते. ती भिंतीशी उभी होती.

"काय गं चांगुणे, ही मढी आमच्या गावात कुणाच्या घरातनं उकरलीस?"

"आबा, ह्यात गाव दिसत न्हाई. आख्ख्या देशाचं हाय."

"मंग आमचं गाव काय देशाबाहेर हाय?"

लोक हसले. चांगुणा हसली नाही.

आपल्याकडे बारशाआधी गेलेलं मूल मोजत नाहीत. नावच नाही, तर मोजायचं काय? चांगुणा मात्र प्रत्येकीला अशा मुलांचं वेगळं विचारायची. पोपटरावांच्या घरी त्यांच्या मालकीणबाई सोजराबाईंनी ओट्यावरूनच सांगून टाकलं होतं, सुनेला एकच मूल. मागून गोठ्यात सून नकुशी शेण भरता भरता म्हणाली, "तीन, ताई. दोन बारशाआधी गेली. कुणाला सांगू नगा." चांगुणेने तीन लिहिली आणि शब्द दिला.

पोपटरावांनी कोरा कागद पुढे केला. फॉर्म घरी बसून भरले असं लिहून दे, नाहीतर ही मुलं कुणाच्या घरची ते सांग. नाहीतर तुझं काम आजपासून बंद. साहेब वायर गुंडाळत राहिले.

"तुमच्यासारख्या दुसऱ्या धर्माच्यांना उंबऱ्याआत घेतलं, आमचंच चुकलं," पोपटराव म्हणाले.

बायकांच्या रांगेत नकुशी बसली होती. चांगुणेने तिकडे मान वळवली नाही.

"लिवलंय ते खरं हाय, आबा. घर मी सांगणार न्हाई."

काम गेलं. पुढच्या पाहणीला दुसरी पोर आली. सोजराबाई म्हणाल्या, एकच. पोरीने एक लिहिलं, चहा घेतला, पुढच्या घरी गेली. नकुशी दाराआड उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

मायबाप, देवापुढे हात जोडाल तेव्हा चांगुणेची आठवण ठेवा. ती आपल्या देवाला हात जोडत नाही. तरी ठेवा.