उरलेले सहा जन्म

जळकोटच्या शेषेरावांना मरणाची भीती कधीच नव्हती. माणूस मेला की जाळायचा, दहाव्याला पिंड ठेवायचा, मग तो कुठंतरी परत जन्माला येतो, एवढं त्यांचं साधं गणित. धास्ती बसली ती मेहुण्याच्या मातीला जाऊन आल्यावर.

मेहुणा अमृतराव म्हणजे बायकोचा, शिवगंगाचा, थोरला भाऊ. उदगीरचं लिंगायत घर. त्यांना शेतातच खड्डा करून मांडी घालून बसवलं, गळ्यातलं इष्टलिंग हातात दिलं, बेल-विभूती वाहिली आणि वरून माती लोटली. पिंडाचं कुणी नावही काढलं नाही. विधी करणारे मठपती म्हणाले, "लिंगैक्य झाले. आता येणं न्हाई, जाणं न्हाई."

परतताना एसटीत शिवगंगा म्हणाली, "अहो, मला बी असंच बसवा. जाळू नका."

"बसवीन की," शेषेराव म्हणाले आणि मग दचकलेच. "म्हंजे तू परत येणार न्हाईस?"

"न्हाई."

"आन मी?"

"तुमचं तुम्ही बघा!" ती हसली.

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती का ही? मराठ्याच्या पोरानं लिंगायताची पोरगी केली म्हणून चाळीस वर्षांपूर्वी दोन्हीकडच्यांनी तोंडं फिरवली होती. पुढं आई निवळली. सुनेला वडाला घेऊन गेली, हाच नवरा सात जन्म मिळो म्हणून दोरा गुंडाळायला लावला. तेव्हापासून शिवगंगानं एक वटपौर्णिमा चुकवली नव्हती. आणि आता म्हणे, येणार न्हाई! शेषेरावांना फसवल्यागत झालं. चार दिवस ते धड बोलले नाहीत. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाले. मीठ बरोबर होतं.

वटपौर्णिमेला ती दोरा घेऊन निघाली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "कुणाला फसवायलीस गं? वडाला का मला?"

ती तशीच वडाकडं गेली.

शेषेराव पाया पडायला देव्हाऱ्यापुढं गेले, तर तिथं शिवगंगाचं लिंग. चांदीची डबी, शिवदोऱ्यासकट. आजारपणात नाही, बाळंतपणात नाही, चाळीस वर्षांत तो दोरा तिच्या गळ्यातून उतरलेला त्यांनी पाहिला नव्हता. लिंग उतरलं की लिंगायत मेल्यात जमा, असं तीच सांगायची.

ती परत आली तशी त्यांनी विचारलं, "हे काय केलंस?"

"मठपतींना फोन केला होता," ती म्हणाली. "म्हणलं, गळ्यात लिंग नसताना जीव गेला तर? लई चिडले. म्हणाले, जन्माच्या फेऱ्यात पडशील. म्हणलं, पडते." तिनं कपाळाचा घाम पुसला. "आजवर सासूबाईंच्या शब्दाखातर नुसताच दोरा गुंडाळला. आज खरं मागून आले. तुमचं तोंड बघवत नव्हतं."

शेषेरावांना आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं! दोन पावलं हवेत चालल्यागत झालं. मग त्यांची नजर तिच्या सुजलेल्या गुडघ्यांवर गेली. पहाटेचं पाणी, सोयाबीनची काढणी, तीन बाळंतपणं, आई अंथरुणाला खिळली तेव्हाचं तिचं सगळं घाणपाणी. हे परत? सहा वेळा? आणि कशापायी, तर आपण चार दिवस फुगून बसलो म्हणून. त्यांना स्वतःची शरम वाटली.

लिंगाला दुसऱ्याचा हात लागू नये, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नुसत्या दोऱ्याला धरून डबी उचलली आणि तिच्या गळ्यात घातली.

"लई राबलीस, शिवगंगे. तुला सुटका हाय, तर सूट. खड्डा मी सोता खांदीन."

ती रडायला लागली. "आन तुमचे उरलेले सहा जन्म?"

"काढीन की कसेतरी." शेषेरावांनी नाक ओढलं. "तेवढं उद्यापासनं भाकरी थापायला शिकव."