कवळीकाकांचं मशीन

त्या आठवड्यात शेअर बाजार सलग पाच दिवस पडला. ऑफिसातला फोन खाली ठेवला की पुन्हा वाजायचा. मी प्रत्येकाला एकच सांगत होते, घाबरून विकू नका, पैसा लांबच्या मुदतीचा आहे, थांबा. शुक्रवारपर्यंत ते वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं की नवऱ्याने फोनवर "जेवलीस का?" विचारलं, तर त्यालाही मी "थांबा" म्हणाले.

लोकांनी पैसे कुठे गुंतवावेत हे सांगण्याचं काम मी वीस वर्षं करते आहे. अशा घसरणी मी चार पाहिल्या होत्या. त्यामुळे मला वाटायचं, घाबरलेला माणूस दारातून आत येतानाच ओळखू येतो.

त्या दुपारी कवळीकाका आले. हे नाव त्यांना आमच्या ऑफिसातच पडलं आणि त्यांनी ते हसून चालवून घेतलं. चाळीस वर्षं ते दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवत होते. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि काका आपल्या छोट्या लॅबमध्ये एकेक दात घडवायचे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते म्हणायचे, "माझं तर तेवढ्यावरच भरलं."

खुर्चीत बसत ते म्हणाले, "ताई, सगळं विकायचंय."

मी लगेच स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. जुन्या घसरणींचे आलेख दाखवले, बाजार प्रत्येक वेळी कसा सावरला ते सांगितलं. दहा-बारा मिनिटं मी बोलत होते. काकांनी छत्री मांडीवर आडवी धरून सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मी घाबरलेलो नाही हो. बाजार पडलाय हे तुमच्याकडूनच कळतंय. मला मशीन घ्यायचंय."

मला ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांनी सांगितलं. आता डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतात. ते चित्र एका मोठ्या कंपनीकडे जातं, तिथलं मशीन दात कोरतं आणि तिसऱ्या दिवशी दात हजर. काकांना नऊ दिवस लागायचे. वर्षभरात त्यांच्या अकरा डॉक्टरांपैकी चार तिकडे गेले होते.

"काका, तुमचं वय त्रेसष्ट," मी म्हणाले. "म्हातारपणाची शेअरमधली सगळी पुंजी, तीही भाव तिसऱ्या हिश्शाने उतरलेला असताना, एका मशीनमध्ये घालायची? मी नाहीच म्हणेन."

"मशीन माझ्यासाठी कुठे घेतोय? माझ्या मुलीसाठी घेतोय." ते उठले. "तुमचे आकडे बरोबरच असतील. पण एकदा लॅब बघून जा. मग नाही म्हणा."

शनिवारी सकाळी मी गेले. हार्डवेअरच्या दुकानामागे दोन खोल्या होत्या. मेण वितळल्याचा वास, खिडकीच्या गजांवर प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे, प्रत्येकावर डॉक्टरचं नाव. काकांची मुलगी लॅपटॉपवर दातांची एक ओळ गोल फिरवून बघत होती. वय सत्तावीस, बोटांना मेण लागलेलं.

"हे शिकायला मी दीड वर्ष घातलं," ती म्हणाली. "बाबांना मेणात जे करायला दिवस जातो, ते इथे चाळीस मिनिटांत होतं. पण प्रत्यक्ष कोरून घ्यायला त्याच कंपनीकडे पाठवावं लागतं. मिळकतीतलं अर्धं त्यांच्या घशात."

काका मागून येऊन स्क्रीनकडे वाकले. "हा समोरचा जरा तिरका कर."

"बाबा, मापाप्रमाणे तो सरळच आहे."

"म्हणून तर. सगळे सरळ असले की लांबून कळतं खोटे आहेत ते. दात घालणाऱ्या बाई साठीच्या आहेत. थोडा झिजव, थोडा तिरका कर."

तिने कुरकुरत दात तिरका केला. स्क्रीनवरचा जबडा एकदम कुणाचा तरी वाटायला लागला.

मी बघत राहिले. ज्या कंपन्यांचे शेअर घ्या म्हणून मी लोकांना सांगते, त्यातल्या एकीच्याही आत मी अशी उभी राहिले नव्हते. इथे कसब होतं, ते पुढे नेणारं माणूस होतं. नव्हतं फक्त मशीन.

"तुमच्या कामावर हे मशीन रोज किती तास चालेल?" मी विचारलं.

"तीन," मुलगी म्हणाली.

"आणि उरलेला दिवस?"

"पडून राहील," ती म्हणाली.

"गावात अजून लॅब आहेत ना?"

"दोन," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा आंबला. "एक, एका विधवा बाईंची. दुसऱ्याचं नाव काढू नका. पंधरा वर्षांपूर्वी माझा डॉक्टर पळवला त्याने. आमचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य."

"त्याचेही डॉक्टर जात असतील, काका."

काकांनी फळीवरचा एक जबडा उगाच सरळ केला. मग म्हणाले, "त्याचे जास्त जात असतील. काम बरं नाही त्याचं."

मुलगी खो खो हसली आणि तिथेच गोष्ट मार्गी लागली.

पुढच्या आठवड्यात तिन्ही लॅबवाले माझ्या ऑफिसात बसले. काका आणि त्यांचा तो वैरी, दोन्ही म्हातारे अर्धा तास भिंतीकडे बघत होते. बोलली ती काकांची मुलगी. कुणाला किती तास, बिघाड झाला तर खर्च कुणाचा, कुणी सोडून गेलं तर काय, सगळं तिने लिहून आणलं होतं. तिघांनी मिळून मशीन घ्यायचं ठरलं, थोडं रोख आणि बाकी हप्त्यांवर. काकांचा वाटा आम्ही बराचसा त्यांच्या बँकेतल्या ठेवीतून काढला, कारण ठेवीला बाजाराची झळ लागली नव्हती. सहा महिन्यांचा घरखर्च मी बाजूला ठेवायला लावला. शेअरमधला अगदी छोटा तुकडा विकला. बाकीच्याला हात लावला नाही.

मला खात्री होती असं म्हणणं खोटं ठरेल. मशीन आलं आणि पहिल्या दोन महिन्यांत, कोरून झाल्यावर भट्टीत भाजताना इतके दात फुटले की डबा भरला. पाचव्या महिन्यात त्या विधवा बाईंनी अंग काढून घेतलं. त्यांच्या मुलाने त्यांना दुसऱ्या गावी नेलं. हप्ता दोघांवर आला. बाजार तर आणखी खाली गेला होता. काकांचा फोन आला की मी आधी हप्त्याची तारीख बघायचे. पण त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही.

"माझं मशीन रुसलंय, तुमचा बाजार रुसलाय," ते म्हणाले. "दोघंही बघू."

मशीनचा रुसवा काढला तो त्या वैऱ्याने. कोरलेला दात भट्टीत किती वेळ, किती आचेवर ठेवायचा हे त्याला बरोबर साधलं. फुटणं थांबलं. मग गेलेल्या डॉक्टरांपैकी एक परतली. कंपनीचे दात साबणाच्या वडीसारखे दिसतात अशी तिच्या पेशंटांची तक्रार होती. तिच्यामागून दोघं आले, आणि वर्षअखेरीस एक अगदी नवा.

बाजार सावरायला दीड वर्ष लागलं. कधी सावरेल हे मला आधी माहीत नव्हतं; ते कुणालाच नसतं. काकांच्या न विकलेल्या शेअरची किंमत जुन्या आकड्याच्याही वर गेली. मशीनचे हप्ते तिसऱ्या वर्षी फिटले.

आता घसरण आली आणि कुणी "विकायचंय" म्हणालं, की मी आलेख उघडत नाही. आधी विचारते, पैसे कशाला हवेत? दहातले आठ जण नुसते घाबरलेले असतात. उरलेल्या दोघांचं ऐकायला वेळ लागतो.

मागच्या महिन्यात काकांच्या मुलीने स्वतःच्या नावाने दरमहा गुंतवणूक सुरू केली. सही घ्यायला मी लॅबवर गेले. आतल्या खोलीत दोन्ही म्हातारे एक दात उजेडाला धरून भांडत होते.

"पिवळा आहे."

"पिवळाच हवा. चहा पिणाऱ्याचा आहे."

"अरे, पण इतका चहा कोण पितो?"

मुलीने कानांतले हेडफोन काढले, माझ्या हातून कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा वाचला. मग दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर मला ऑफिसात जाऊन शोधावं लागलं.