थोरलीचं राहिलेलं गणित

"ताई, तुमची दहावीची पुस्तकं माळ्यावर पडूनच हायेत ना? मला द्या की."

मंजुषानं हे अंगणात धुणं वाळत घालता घालता विचारलं, सहज. आशाबाईच्या पोटात तेव्हा जे दुखायला लागलं ते पुढचे नऊ महिने काही थांबलं नाही.

पडेगावला या दोघा भावांचं घर एक, अंगण एक, चुली मात्र दोन. थोरल्या रामकिसनची बायको आशाबाई, वय एक्केचाळीस. धाकट्या सोमनाथची मंजुषा, तेहेतीस. दोघे भाऊ वाळूजला एकाच कंपनीत कामाला, एकाच मोटरसायकलवर जाणारे. त्यांचं कधी वाजलं नाही. जावांचंही वाजलं नाही, कारण आशाबाईला भांडायची गरजच पडली नव्हती. ती थोरली होती. लग्नाची पत्रिका तिच्या हातात यायची, लोणच्यातलं मीठ तिच्या जिभेवर ठरायचं. मंजुषा "ताई म्हणतील तसं" म्हणायची आणि मग ताई काहीतरी म्हणायच्या. सोळा वर्षं हे उत्तम चाललं होतं.

आता या दहावीचं ऐका. आशाबाईची नववी झाली आणि लग्न लागलं. पुढं मुलं मोठी झाली, हात रिकामे झाले, आणि एके दिवशी तिच्या मनानं घेतलं, दहावी द्यायची. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो भरला. गल्लीत केवढं कौतुक! जो तो थांबून विचारायचा, अभ्यास कुठवर आला म्हणून. निकाल लागला तेव्हा सगळे विषय सुटले होते, मराठीत तर बहात्तर मिळाले. गणितानं दगा दिला. सत्तावीस. पास व्हायला पस्तीस लागतात हे तिला ठाऊक होतं, तरी गल्लीतल्या प्रत्येकानं ते तिला एकेकदा सांगितलं.

"मला काय कलेक्टर व्हायचंय?" असं म्हणून तिनं पुस्तकं माळ्यावर टाकली. जुलैची फेरपरीक्षा गेली, पुढचा मार्चही गेला. मधे दोनदा तिनं गणित खाली काढलं, पण पान उघडलं की तिला गणित दिसायचंच नाही, सत्तावीस दिसायचे. मग झाकलेलं बरं.

आणि आता ही आठवी शिकलेली मंजुषा ती पुस्तकं मागत होती. नाही म्हणायला काही कारण सापडेना. आशाबाईनं पुस्तकं काढून दिली, वर "जमंल का तुला?" एवढं विचारून घेतलं. मंजुषा म्हणाली, "बघू की. तुमच्यासारखं नाय जमायचं." यात टोमणा आहे की काय, हे शोधण्यात आशाबाईची ती दुपार गेली.

पंधरा दिवसांनी महालक्ष्म्या आल्या. या घरात ज्येष्ठा थोरलीच्या हातानं उंबरा ओलांडते आणि कनिष्ठा धाकटीच्या. आतून एकीनं विचारायचं, कोण आलं, कशाच्या पावलांनी आलं, आणि बाहेरून सांगायचं, महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावलांनी आली. आशाबाईनं दरसालासारखं सांगितलं. मंजुषाची पाळी आली तशी ती म्हणाली, "महालक्ष्मी आली, विद्येच्या पावलांनी आली." सोमनाथ कौतुकानं हसला. रामकिसनही हसला, ते आशाबाईनं मनात नोंदवून ठेवलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण मंजुषानं कनिष्ठेपुढच्या आराशीत, लाडू-करंज्यांच्या शेजारी, दहावीची पुस्तकं मांडली. हळदी-कुंकवाला बायका आल्या त्या ज्येष्ठेला हात जोडून सरळ धाकटीकडं वळल्या.

"दहावी करती व्हय गं मंजुषा? लई भारी!"

"लेकरं सांभाळून? शाबास गं बाई!"

शेजारच्या सरूबाईनं तर मीठ चोळायचंच बाकी ठेवलं होतं, तेही तिनं चोळलं. "आशे, तुझं राह्यलंच ना गं ते गणित?"

"पुस्तकं माझीच हायेत ती," आशाबाई म्हणाली. पण ते कुणी ऐकलं नाही. बायका पुरणाची तारीफ करायला लागल्या होत्या, आणि पुरणही त्या साली मंजुषानंच केलं होतं.

त्या दिवशी आशाबाईला जे झालं त्याला साधा शब्द मत्सर. तिनं तो कुणाला सांगितला नाही, पण स्वतःशी नाकारलाही नाही, एवढा तिचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे. मंजुषा हसली की तिला राग यायचा. मंजुषा पुस्तक घेऊन पायरीवर बसली की तिला अंगण झाडायची घाई व्हायची. आणि मंजुषाला अभ्यास जमेना असं दिसलं की त्या दिवशी भाकरी दोन घास जास्त जायची.

मग मंजुषा अडचणी घेऊन यायला लागली. "ताई, हे एकसामयिक समीकरण म्हंजे काय वो?"

दुसरी कुणी असती तर सांगून मोकळी झाली असती, की बाई, मी याच विषयात नापास आहे. पण थोरली जाऊ धाकटीला "मला येत नाय" म्हणते, असं या घरात कधी घडलं नव्हतं. आशाबाई म्हणाली, "आता कामात हाय. उद्या ये." मंजुषा आपल्या कामाला लागली तशी तिनं लेकाकडून गणिताचं दुसरं पुस्तक मागवून घेतलं आणि दार लोटून बसली. दोन तास तिनं ते समीकरण कुटलं. दुसऱ्या दिवशी अशा थाटात सांगितलं, जणू जन्मतःच येत होतं.

झालं, रोजचंच लचांड लागलं. मंजुषा आज जिथं असेल त्याच्या पुढं एक धडा आशाबाईला असावंच लागायचं. मंजुषा हुशार निघाली, त्यामुळं पळावं जास्त लागायचं. श्रेढीचा धडा आला तेव्हा आशाबाईनं खाटेवर पापड मांडून दाखवले, पहिल्या ओळीत पाच, दुसरीत आठ, तिसरीत अकरा, आता सांग दहाव्या ओळीत किती. मंजुषानं पापड न मांडता सांगितलं, बत्तीस. आशाबाईला शिकवल्याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी, इतक्या लवकर कसं आलं हिला, म्हणून जळफळाटही झाला. गंमत अशी की या सगळ्या धांदलीत पान उघडल्यावर सत्तावीस दिसायचे बंद झाले होते, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

फॉर्म भरायला मंजुषा छावणीकडच्या शाळेत निघाली तेव्हा आशाबाई सोबत गेली. सोबत कसली, बघायला गेली. शाळेतल्या कारकुनानं मंजुषाचे कागद चाळले आणि विचारलं, "अभ्यासाचं कसं? क्लास लावला का?"

"नाय. ह्या माझ्या जाऊबाई, ह्याच शिकवतात," मंजुषा म्हणाली.

"अरे वा. मॅडम, तुमचं शिक्षण?"

आशाबाई उगाच पिशवी चाचपायला लागली. तेवढ्यात मंजुषा पटकन म्हणाली, "त्यांची झालीय दहावी."

धाकटी थोरलीची झाकपाक करत होती. बायकांचं कौतुक, पुरण, बत्तीस, हे सगळं आशाबाईनं गिळलं होतं. ही कीव मात्र घशाखाली उतरेना. धाकटीनं आपल्यावर पांघरूण घालायचं? तिनं पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि टेबलावर हात टेकून म्हणाली, "नाय झाली. गणित राह्यलंय. माझाबी फॉर्म घ्या."

बाहेर पडल्यावर तिनं हिशेब मांडला. आता पुन्हा सत्तावीस पडले आणि ही पास झाली, तर या घरात थोरली कोण राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि नेमक्या अशा वेळी वर्गसमीकरणं आडवी आली. मागल्या परीक्षेत तिला बुडवलं होतं ते यांनीच. चार दिवस दार लोटून बसली, तरी एक अक्षर डोक्यात शिरेना. मंजुषा वही घेऊन आली तशी आशाबाई म्हणाली, "हा धडा सोडून दे. परीक्षेला पर्याय असतात, दुसऱ्यात भरून निघतं."

"सोडू?"

"सोड म्हणते ना मी."

येत नव्हतं म्हणून सांगितलं, हे खरं. पण हिचे आठ-दहा मार्क गेले तर जाऊ देत, हेही तिच्या मनात होतं, आणि तेही तितकंच खरं.

फेब्रुवारीत ती जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसली. एकही पत्रिका अशी नव्हती की जिच्यात वर्गसमीकरणं नव्हती. कुठं पर्यायात, कुठं थेट. आशाबाईनं पेन खाली ठेवलं. मंजुषा नापास झालेली तिला डोळ्यांपुढं दिसली. सरूबाई तिला सांगतेय, पस्तीस लागतात गं. खोटं कशाला सांगायचं, दोन दिवस तिला ते चित्र फार गोड वाटलं. तिसऱ्या दिवशी मंजुषानं अंगणातून हाक मारली, "ताई, संभाव्यतेची सगळी उदाहरणं सुटली, तुमच्यामुळं!" आणि तिला स्वतःची अशी शरम वाटली की हातातलं पीठ तसंच ठेवून ती धाकटीच्या चुलीपुढं जाऊन उभी राहिली.

"मंजुषा, तो धडा मी खोटं बोलून सोडायला लावला. सोडून चालत नाय. मला येत नव्हता, अन् तुला यावा असंबी वाटत नव्हतं."

मंजुषानं भाकरी उलटली. तिच्या कानाशी भिंतीला टेकून मोबाइल ठेवलेला होता आणि त्यातून कुणी मास्तर बोलत होता. इतके दिवस आशाबाईला वाटायचं, ही मालिका लावून बसते.

"मला ठावं हाय," मंजुषा म्हणाली. "दिवाळीतच पत्रिका बघितल्या मी. मग भाकरी थापता थापता ह्या मास्तरांकडून शिकले तो धडा."

"अन् मला बोलली नाय?"

"बोलले असते तर तुम्ही बाकीचं शिकवायचं बंद केलं असतं."

हे इतकं खरं होतं की आशाबाईला राग आणायलाही जागा सापडेना. ती चुलीपाशी बसली. मंजुषा खाली बघत म्हणाली, "अन् एक सांगते ताई. तुम्ही दहावीला बसल्या तव्हा गल्ली नुसती तुमच्याच नावाचा जप करत होती. माझ्या जिवाची लई तळमळ व्हायची. तुमचं गणित राह्यलं त्या दिवशी मी शिरा केला होता."

आशाबाईला तो शिरा आठवला. मंजुषानं वाटीभर आणून दिला होता, आपलं सांत्वन म्हणून. तिनं तो रडत रडत खाल्ला होता.

"बदाम घातले होतेस त्यात," ती म्हणाली.

"व्हय."

आणि मंजुषाला हसू फुटलं. आशाबाई हसली नाही. तिला हसायचं होतं, पण थोरलेपण आड आलं. ती म्हणाली, "बंद कर तो मास्तर. तूच सांग."

आणि मंजुषानं सांगितलं. मधल्या पदाची फोड कशी करायची ते तव्याशेजारी पिठावर बोटानं लिहून दाखवलं. चौथ्या वेळेला आशाबाईला समजलं. धाकटीकडून शिकताना तिचं अंग जळत होतं, पण फोड बिनचूक आली.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि मे महिन्यात निकाल. लेकानं मोबाइलवर बघून सांगितलं, "आई, गणितात चोपन्न! सुटलीस!" आशाबाईचा आनंद जेमतेम अर्धा मिनिट टिकला, कारण पलीकडून सोमनाथ ओरडला, "आपली मंजुषा सगळ्यात पास, गणितात त्रेसष्ट!" नऊ मार्कांचा फरक तिनं तोंडी काढला. सरूबाई पेढा घ्यायला आली तेव्हा तिनं आवर्जून सांगितलं, "तिला मीच शिकवलं बरं का. एक धडा सोडून सगळं."

आठ दिवस गेले. जावा गच्चीवर कुरडया घालत होत्या. मंजुषा म्हणाली, "बास झालं ताई आता. दहावी झाली, नाव झालं. कुठं डोकं पिकवायचं?"

आशाबाईच्या हातातला सोऱ्या थांबला. हिनं सोडलं तर? घरात कुणी पुढं पळणारं नसलं तर आपण पुस्तक उघडणार का? तिनं स्वतःला नीट विचारलं आणि उत्तर आलं, नाही. झोप लागेल. मागल्या वेळेला लागली होती तशीच. सगळ्या गल्लीचं कौतुक असूनही आपण एकट्या होतो, आणि एकटीनं कुणावर जळायचं?

मंजुषाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी भलतीच निवांत तृप्ती होती. ती आशाबाईला अजिबात सहन होईना.

"बरोबर हाय तुझं," ती सोऱ्या फिरवत अगदी सावकाश म्हणाली. "तुला नाय झेपायचं. मी कालच अकरावीला नाव घालून आले."

मंजुषाचा हात जागच्या जागी राहिला. गालावरचा रंग उतरला, मान ताठ झाली, नाकपुडी थोडी फुगली. ही सगळी लक्षणं आशाबाईला अंतर्बाह्य ओळखीची होती.

"कोणत्या कॉलेजात?" मंजुषानं विचारलं. "अन् शेवटची तारीख कधी हाय?"

"शुक्रवार," आशाबाईनं ठोकून दिलं. मग उरलेली कुरडई तिच्यावर सोपवून ती लगबगीनं जिना उतरली, कारण आता मंजुषाच्या आधी जाऊन खरंच नाव घालणं भाग होतं.