धक्का व्यायाम मंडळ, स्वागत लेआउट

गाडी पहिल्याच किल्लीत सुरू झाली. पण ते झालंच नाही असं धरून चालू या. सेवालाल चव्हाण गेले चार महिने तसंच धरून चालला होता आणि अजून तरी त्याचं काही बिघडलं नव्हतं.

आजही त्याने दार उघडलं, आत बसला आणि किल्ली एक घर फिरवली. एक घर फिरवलं की स्टेअरिंग मोकळं होतं. दुसरं घर फिरवलं की इंजिन सुरू होतं, म्हणून त्या दुसऱ्या घराच्या वाटेला तो जात नसे. गिअर न्यूट्रलला टाकून त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि खाली सोडला.

"हं, एकसाथ!" मागून रामराव ओरडले.

गाडी हलली. मागे सहा जण होते. डिक्कीच्या मधोमध रामराव, तहसीलमधून रिटायर झालेले अव्वल कारकून. त्यांच्या डाव्या हाताला मोबाईल दुरुस्तीवाला राजू, उजव्या हाताला खासगी दवाखान्यातली नर्स धम्मदीपा, ओढणी कमरेला घट्ट बांधून. बाकीचे तिघे जागा मिळेल तिथे. रोज सकाळी साडेपाचला गाडी ढकलत पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायची आणि ढकलत परत आणायची, दीड किलोमीटर. वाशीमच्या इतर लेआउटमध्ये लोक सकाळी टाळ्या वाजवतात, एकमेकांकडे बघून हसतात, प्राणायाम करतात. स्वागत लेआउटमध्ये लोक सेवालालची गाडी ढकलतात.

"सेवालालभाऊ, पाय ब्रेकवर तं नाही न?" राजूने विचारलं.

"नाही बा."

"मंग आज जड काहून लागून राह्यली?"

"गाडी तेवढीच हाय," धम्मदीपा म्हणाली. "काल हळदीत जिलब्या कोणं हाणल्या, ते सांग पह्यले."

या सगळ्यात सहा जणांची पोटं आत गेली होती. सेवालालचं बाहेर आलं होतं. चार महिने बसून होता तो एकटाच.

गाडी त्याने अकोल्याहून सेकंडहँड आणली होती. मानोऱ्याजवळच्या तांड्यातून शिकून आलेला माणूस, एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक. लेआउटमध्ये घर बांधून दोन वर्षं झाली तरी लोक त्याला 'ते चव्हाण' म्हणत, आणि 'ते' मध्ये आदर किती आणि अंतर किती हे त्याला कधी नीट मोजता आलं नाही. गाडी आली की चित्र बदलेल असं त्याला वाटलं होतं. तिसऱ्याच दिवशी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो बसला आणि गाडी सुरू झाली नाही. कोणी बघू नये अशी त्याने मनोमन प्रार्थना केली. सगळ्यांनी बघितलं. सहा जण आले, त्यांनी टाकीपर्यंत ढकलली, गाडी काही सुरू झाली नाही. पण रामराव घाम पुसत म्हणाले की अकरा वर्षांत पहिल्यांदा सकाळी सकाळी भूक लागली. दुसऱ्या दिवशी लोक न बोलावता आले. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेरून राजूची हाक आली, "सेवालालभाऊ, उठले काय?" त्या 'भाऊ'च्या नादात सेवालालने त्या दिवशी ऑफिसात सतरा पत्रांवर उद्याची तारीख मारली.

पंधरा दिवसांनी एका भर दुपारी मेकॅनिक घरी आला. स्टार्टरची एक वायर सैल होती. दहा मिनिटं लागली. पहिल्याच किल्लीत सुरू. संध्याकाळी सेवालाल ही बातमी सांगायला बाहेर पडला, तर रामराव हातात कागद घेऊन समोरून येत होते.

"दोनशे ऐंशीवरून एकशे साठ! शुगर! डॉक्टर म्हणे, कोणतं औषध घेऊन राह्यले? म्हटलं, चव्हाणसायबाची गाडी." आणि खांद्यावर थाप मारून म्हणाले, "सुधरवू नका बरं तिले."

सेवालाल हसला. त्या हसण्यातच सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर 'काल काहून नाही सांगतलं' झालं असतं, आणि आठ दिवसांनी सांगितलं असतं तर आठ दिवसांचं उत्तर द्यावं लागलं असतं. आता तर पूर्ण हिवाळ्याचं उत्तर साचलं होतं. बॅटरी उतरू नये म्हणून तो रविवारी दुपारी, लेआउट झोपलं की, टीव्ही मोठ्याने लावून पाच मिनिटं इंजिन चालवायचा. त्याची बायको रुपाबाई तेवढा वेळ कानावर हात ठेवून बसायची. माहेरी जायचं तर हातात पिशव्या घेऊन, स्वतःच्या दारातल्या चालू गाडीला वळसा घालून, तिला एसटी स्टँड गाठावा लागे.

"गाडी आपली, पोटं त्याहिची, अन् लाज माही," ती म्हणायची. हे ती तांड्याच्या गोरमाटी बोलीत म्हणायची, त्यामुळे शेजाऱ्यांना फक्त सूर कळायचा.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी रुपाबाई तांड्यावर भाच्याच्या लग्नाला गेली होती, अर्थात एसटीने. साडेपाचला मंडळ जमलं. रामराव नव्हते. राजू त्यांच्या नावाने काही बोलणार तोच ते बनियनवर पळत आले. पाचशे लोकांच्या रांगेला एका नजरेत बसवणारा तो माणूस, पण त्याला वाक्य जुळवता येईना.

"घरच्या... तुळसाबाई... छातीत..."

धम्मदीपा रामरावांच्या घरात धावली आणि त्यांच्या बायकोला पाहून लगेच बाहेर आली. डावा हात दुखून राह्यला, घाम हाय, गोळी देली, पण आत्ताच्या आत्ता दवाखाना. रुग्णवाहिकेला फोन लावला, ती मालेगावकडे अपघातावर गेली होती, चाळीस मिनिटं. रिक्षावाला स्टेशनवर, पहाटेच्या गाडीला. लेआउटमधली दुसरी चारचाकी लग्नासाठी परभणीला. राजूच्या स्कूटीवर त्यांना बसवणं शक्य नव्हतं.

मग सगळ्यांनी सेवालालच्या गाडीकडे बघितलं. आणि मग, हे खरं आहे, त्यांनी आपापल्या दंडांकडे बघितलं.

"दवाखाना दोन किलोमीटर," राजू म्हणाला. "दीड तं आपण रोजच मारतो."

एकाही शहाण्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार महिन्यांची सवय होती. धम्मदीपा राजूची स्कूटी घेऊन दवाखान्यात सांगायला पुढे गेली. चौघांनी तुळसाबाईंना उचलून मागच्या सीटवर टेकवलं. सेवालाल स्टेअरिंगवर बसला आणि किल्ली एक घर फिरवली.

"थांबा," तो म्हणाला. "मी एकखेप पाहतो, कदाचित..."

"त्याच्यात टाइम नका घालवू!" रामराव किंचाळले. "चार महिन्यांपासून पाहून राह्यलो, नाही होत ते चालू! ढकला रे!"

आणि गाडी हललीसुद्धा. इतक्या जोरात ती कधीच हलली नव्हती.

बोटं किल्लीवर होती. सेवालालने ठरवलं, कोपऱ्यावर फिरवू, धक्क्याने झाली असं वाटेल. कोपरा आला. कोपऱ्यावर गाडी मंद झाली आणि त्याला वाटलं, आता झाली तर धक्क्याने झाली असं कोण म्हणेल? पुढच्या चढाच्या आधी फिरवू. चढ आला. आरशात रामरावांचा चेहरा काचेला जवळजवळ चिकटलेला होता, तोंड उघडं, पायात एकच चप्पल. ते काही तरी म्हणत होते. सेवालालला आधी वाटलं शिवी असेल. ते आकडे मोजत होते. शंभरापर्यंत जायचे आणि पुन्हा एकपासून.

मारुतीचं देऊळ आलं. म्हणजे पाचशे मीटर झाले.

"भाऊ," मागून आवाज आला.

त्याने मान वळवली नाही.

"बोलू नका, मावशी. पोचूनच राह्यलो."

"इतवारी दुपारी करता न चालू," तुळसाबाई म्हणाल्या. मध्ये एक श्वास घेतला. "तशीच करा आता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाजी कशी दिली, असं विचारावं तसा आवाज होता. सेवालालने दुसरं घर फिरवलं.

गाडी पहिल्याच किल्लीत सुरू झाली.

मागे राजू सपशेल आडवा झाला. रामराव दोन्ही हात पुढे धरून, गाडी हातातून निसटलेल्या माणसासारखे, चार पावलं तसेच धावले. मग सेवालालने आरशात पाहिलं तर ते पाचही जण रस्त्याच्या मधोमध नाचत होते.

"झाली! आपण केली! झाली!"

दवाखान्याच्या दारात धम्मदीपा स्ट्रेचर घेऊन उभी होती. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. वेळेवर आणलं, म्हणाले. आणखी दहा मिनिटं गेली असती तर काही सांगता आलं नसतं. सेवालालने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. फाटकापासून देवळापर्यंत सहा मिनिटं लागली होती. दहातून सहा वजा करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. तरी त्याने मोबाईल काढला, मग परत खिशात ठेवला.

रामराव आले. कोणीतरी त्यांना शर्ट दिला होता, तो उलटा घातलेला. ते थेट सेवालालकडे आले आणि काही कळायच्या आत त्याच्या पायाशी वाकले. वडिलांच्या वयाचा माणूस. सेवालाल मागे सरकला तो कचऱ्याच्या डब्यावर आदळला.

"असं नका करू, रामरावजी. ऐका, मले एक सांगायचं हाय. ते गाडी..."

"गाडीचं नाव नका काढू!" रामरावांचे डोळे भरले होते. त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. डिक्कीच्या कडेने ते सोलून निघाले होते. "ह्या हातानं, सेवालालभाऊ. चार महिने काय उगीच ढकललं का? देवानं तयारी करून घेतली. ह्या हातानं वाचवली म्या तिले."

राजू शेजारी हुंदके देत होता, आणि तेवढ्यातच कोणाला तरी फोनवर सांगत होता की सेकंड गिअर बरोबर वेळेवर पडला. सेवालालने गाडीची किल्ली खिशात टाकली.

दहाव्या दिवशी तुळसाबाई घरी आल्या. पुढच्या सकाळी साडेपाचला मंडळ जमलं, नवीन दोघे धरून आठ. गाडी धक्क्याशिवाय होत नाही, हे आता सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. सेवालाल रात्रभर ठरवून आला होता. सगळ्यांसमोर किल्ली फिरवायची, दुसरं घर, आणि मग जे होईल ते. लोक बूट बांधत होते. रामराव नव्या मेंबरांना देवळाजवळची ती जागा हातवारे करून समजावत होते.

तुळसाबाई शाल पांघरून फाटकातून हळूहळू चालत आल्या आणि गाडीच्या खिडकीशी थांबल्या.

"तब्येत कशी हाय, मावशी?"

"बरी हाय." त्यांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. "आज फिरवणार हाय वाट्टे?"

त्याने मान हलवली.

"राहू द्या."

"नाही मावशी, लय झालं आता. माह्याच्यानं सहन..."

"तुमच्याच्यानं नाही होत, ते पाहून राह्यली मी." त्या खाली वाकल्या. आवाज आणखी उतरला. "दहा दिवसांपासून माह्या घरचा माणूस येईल त्याले हात दाखवून राह्यला. पेपरवाल्याले दाखवला. दूधवाल्याले दाखवला. चाळीस वर्षं त्यानं लोकायचे कागद इकडचे तिकडं केले, हाताचं असं काही झालं नव्हतं. ते घेऊ नका त्याच्यापासून."

"अन् मी?"

तुळसाबाईंनी जरा विचार केला. खरोखर केला, कारण त्यांची नजर थोडा वेळ दूर टाकीकडे गेली.

"तुमी बसा," त्या म्हणाल्या, आणि शाल सावरत वळल्या. "ढकला रे बाप्पा, उजाडून राह्यलं!"

"हं, एकसाथ!"

सेवालालने किल्ली एक घर फिरवली. आठ जणांच्या जोरावर गाडी आज फुलासारखी चालली. देवळाजवळ सगळ्यांनी आरोळी ठोकली. त्याने स्टेअरिंग सरळ धरलं आणि डोळे रस्त्यावर ठेवले, कारण आरशात बघायची सोय राहिली नव्हती.

दुपारी ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली. डबा तसाच ठेवून त्याने एक कोरा कागद घेतला. माणसाची माफी अशी मागत नाहीत हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण हात एवढ्याच भाषेत चालायचा. 'प्रति' लिहून त्याने बराच वेळ पुढची ओळ रिकामी ठेवली. कोणाचं नाव घालावं ते सुचेना. ती तशीच रिकामी सोडून तो खालच्या ओळीवर आला.

*विषय : सहा (६) मिनिटे परत मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वाहन पूर्णतः चालू स्थितीत असताना व सदर बाब अर्जदारास पूर्णपणे ज्ञात असताना, अर्जदाराने रुग्णास स्वागत लेआउट ते मारुती देऊळ, अंतर पाचशे मीटर, विनाकारण ढकलत नेले. त्यामागे लाजेव्यतिरिक्त कोणतेही कारण नव्हते. सदर रुग्ण सुखरूप असल्याने याबाबत कोणाचीही तक्रार नाही, व यापुढे कोणी करणारही नाही, हीच अर्जदाराची अडचण आहे.*

*तरी वरील सहा मिनिटे विशेष बाब म्हणून अर्जदारास एक वेळ परत मिळावीत, जेणेकरून त्यास फाटकातच किल्ली फिरविता येईल, ही नम्र विनंती.*