चावडीतला समुद्र

१९६३ साली तांबुळखेडच्या पंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला. गावात वीज नव्हती. रेडिओ जड बॅटरीवर चाले आणि चावडीत असे. दुपारी शाळांसाठी पाठ लागत, तेव्हा हेडमास्तर पोरांना रांगेनं तिकडे नेत. पोरी वर्गातच राहत. बाईमाणसानं चावडी चढायची नाही, समोरून जावंच लागलं तर चपला हातात घ्यायच्या, अशी गावची रीत.

एका दुपारी पोरं सांगत आली की रेडिओत समुद्राचा आवाज होता. "कसा असते बे?" पोरींनी विचारलं. एकानं तोंडानं हूऽऽ केलं आणि सगळी हसली.

मुलींचा वर्ग मनकर्णाबाईंकडे होता. त्या जळगाव जामोदहून बदलून आलेल्या. हसू त्यांना सहन झालं नाही. त्या सरपंच अर्जुनरावांकडे गेल्या.

"रेडिओ दुपारपुरता शाळेत द्या."

"चावडीचा हाये, चावडीतच राहीन. पोरं आयकतात अन् पोरींले सांगतात. अजून काय पायजे?"

"मग पोरी चावडीत येतील."

"आणून पाहा. मंग कोणता बाप पोरगी शाळेत धाडते, तेबी पाहू."

ही धमकी पोकळ नव्हती. पुढच्या पाठाच्या दिवशी वर्गात चारच पोरी उरल्या. बाईंनी त्या चौघींना घेतलं आणि चपला घालून भर रस्त्यानं चावडी गाठली. पायरीशी पुरुषांच्या चपलांची रांग होती. बाईंनी आपल्या चपला त्याच रांगेत काढल्या आणि वर चढल्या.

आत रेडिओ मुका होता. कोतवाल कचरू खाली बघत म्हणाला, "बाई, सरपंचायनं बॅटरी घरी नेली."

हेडमास्तरांनी मुलांना उठवलं. "चला बाई, तुम्हीही चला."

"तुम्ही व्हा पुढं. आम्ही पाठासाठी आलोय."

बाईंनी पोरींना भिंतीशी बसवलं आणि पाढे म्हणायला सांगितलं. तेराच्या पाढ्यावर नूरबी आली. चौघींतली अमीरबी तिची. हातात चपला धरून ती खालीच थांबली.

"बाई, लोक बोलून राह्यले, पोरीले घेऊन जा म्हून."

"नेता का?"

नूरबीनं लेकीकडे पाहिलं. लेक पाढा चुकली नव्हती. "नाही," म्हणत ती पायरीवर बसली.

ऊन कललं. बाजारभाव ऐकायला शेतकरी जमू लागले. सगळ्यांत आधी म्हातारे पंजाबराव. कापूस विकायचा की थांबायचं, हे त्यांना आजच ठरवायचं होतं.

"कचरू, लाव बे!"

"बॅटरी नाही, दादा."

"काऊन?"

कचरूनं भिंतीकडे बोट केलं. पोरी पाढे म्हणतच होत्या.

"बाई, उठा ना आता," एक जण म्हणाला. "पोरींपायी गावाचे भाव बुडून राह्यले."

"बॅटरी पोरींनी नेली का?"

पंजाबराव मोठ्यानं हसले. मग आवाज चढवून म्हणाले, "जा रे कोणी, अर्जुनले सांगा, पोरी बसल्या म्हून मी आंधळेपणानं कापूस इकू काय? आण म्हना बॅटरी!"

बॅटरीमागोमाग अर्जुनराव स्वतः आले. कोणाकडे न पाहता त्यांनी ती कचरूच्या हाती दिली. रेडिओ खरखरला, बोलू लागला. अकोल्याचा भाव आला. पुरुष कान देऊन ऐकत होते. भिंतीशी बसलेल्या पोरीही ऐकत होत्या, आणि कोणी त्यांना उठवलं नाही.

भाव संपले. अर्जुनराव बॅटरीकडे वळले, तसे पंजाबराव म्हणाले, "राहू दे. उद्या पुन्हा भाव हायेतच."

"उद्या दुपारी पाठही आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही येऊ. बॅटरी नसली, तर भावांपर्यंत बसू."

अर्जुनराव बॅटरी तशीच ठेवून पायऱ्या उतरून गेले.

बाई उतरल्या, रांगेतल्या चपला पायात घातल्या. नूरबीनं सवयीनं आपल्या चपला हातात उचलल्या, दोन पावलं चालली आणि थांबली. मग चावडीच्या अगदी समोर तिनं त्या जमिनीवर टाकल्या, पायात सरकवल्या आणि लेकीचा हात धरून फटक फटक वाजवत निघाली.