चमचाभर विरजणावर सहा किलोंचं ओझं

मी विरजण बोलतोय. दही म्हणू नका. दही रोज लागतं आणि रोज संपतं. ते संपायच्या आत जो चमचाभर बाजूला काढून ठेवतात, तो मी. या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी कुणाचीही गुंजभर चरबी जाळलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेले सहा महिने माझ्या नावावर जे काही खपवलं गेलं, ते ऐकून मुळात आंबट असलेला मी पुरता विटलो आहे.

मी आलो तो स्टीलच्या एका छोट्या डबीतून. या घरची बाई बस चालवते. सगळे तिला ड्रायव्हरबाईच म्हणतात. लग्नानंतर तिच्या आईने डबी तिच्या हातात दिली आणि बजावलं, "बस चालवतेस तशी नेऊ नकोस, हिंदकळेल." तिचा नवरा घड्याळजी आहे. दूध कोमट झालं की तो करंगळी बुडवून बघतो, मला त्यात सोडतो, झाकण ठेवतो आणि थंडी असली तर भोवती टॉवेल गुंडाळतो. दूध आंबवायचं आणि घट्ट करायचं, एवढंच माझं काम. यापलीकडे मी कुणाला कसलाही शब्द दिलेला नाही.

मग बाईचा डावा गुडघा बिघडला. क्लच दाबताना कळ मस्तकात जायची. डॉक्टरांनी फोटो काढला, गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "सहा किलो उतरवा. सहा महिन्यांनी तपासतो. जमलं तर बस चालवायला सही करतो." तोवर आगाराने तिला तिकीट खिडकीत बसवलं. सहा महिन्यांत सही आली नाही, तर स्टीअरिंग कायमचं दुसऱ्याकडे जाणार होतं. अठरा वर्षं मोठी गाडी वळवलेली बाई त्या काचेआड बसून सुटे पैसे मोजत होती. घरी आली की नुसती भांडी आपटायची.

अशात नणंद आली. हातात फोन, चेहऱ्यावर शोध लावल्याचा आनंद.

"वहिनी, दही! दह्याने पोटाची चरबी वितळते. हे बघ, इथे लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"अगं, सगळेच लिहितात!"

झालं! शहानिशा संपली. एवढ्या पुराव्यावर लोक शेजाऱ्याला शिडीसुद्धा उसनी देणार नाहीत, आणि इथे एका बाईची नोकरी पणाला लावली.

पुढे जे झालं ते बघून माझ्या जागी दगड असता तरी फुटला असता. बाईने ताटातलं काहीही कमी केलं नाही. जेवण तेवढंच, चहाबरोबरची बिस्किटं तेवढीच, आणि वर औषध म्हणून दिवसातून चार वाट्या दही. तेही सायीच्या दुधाचं. आंबट लागतं म्हणून प्रत्येक वाटीत दोन चमचे साखर!

घड्याळजी एकदा चाचरत म्हणाला, "अगं, हे जरा जास्त होत नाही का?"

"औषध मोजून खातेय मी! तुम्ही तुमची घड्याळं बघा."

मोजून खात होती, हे खरं. पण काय मोजत होती? मी डबीतून ओरडत होतो: बाई, ही वाटी कशाच्या तरी बदल्यात खा! माझं ओरडणं म्हणजे दोन बुडबुडे. दिसले तर म्हणतात, दही बिघडलं वाटतं.

दोन महिन्यांनी ती दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभी राहिली. वजन दोन किलोंनी वाढलं होतं.

घरी येऊन तिने सगळं खापर माझ्यावर फोडलं. नणंदेवर नाही, साखरेवर नाही, बिस्किटांवर तर नाहीच. दह्याचं भांडं मोरीत रिकामं केलं, पाठोपाठ माझी डबी उपडी केली आणि वरून नळ सोडला. आईने दिलेली डबी होती, हे पाणी वाहून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. मग ती मोरीपाशीच खाली बसली आणि गुडघा धरून रडली.

तुम्ही विचाराल, मग आता बोलतंय कोण? तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. एकदा त्यांचं विरजण संपलं, तेव्हा घड्याळजीने त्यांना माझ्यातला चमचाभर दिला होता. मी तिथे जिवंत होतो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरबाई दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसली. त्यांनी दिवसभराचं खाणं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"दही कशाच्या ऐवजी खात होता?"

"ऐवजी? कशाच्याच नाही. वरून."

"मग वजनही वरूनच येणार ना!"

त्या हसल्या नाहीत, म्हणून तिने ऐकून घेतलं. दह्याने चरबी वितळत नाही, त्यांनी सांगितलं. पण त्यात प्रथिनं असतात, पोट भरल्यासारखं वाटतं. संध्याकाळच्या बिस्किटांच्या जागी एक वाटी, बिनसाखरेची, साय काढलेल्या दुधाची. मग त्याचा उपयोग. ताट थोडं लहान, आणि गुडघ्याला झेपेल एवढं रोज चालणं.

घरी जाताना ती तळमजल्यावर थांबली. "बाई, चमचाभर विरजण मिळेल का?" मुख्याध्यापिकांनी वाटी पुढे केली. "तुमचंच आहे. परत घ्या."

चार महिने तिने चिडून का होईना, पण हे सगळं नेमाने पाळलं. शेवटच्या तपासणीत वजन सुरुवातीपेक्षा सहा किलोंनी कमी भरलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, दाबला आणि सही केली. ती घरी आली आणि आज कित्येक दिवसांनी तिने भांडी हळू ठेवली.

इथे माझी गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण दारात नणंद उभी!

"बघ वहिनी, मी म्हटलं नव्हतं? दही!"

आणि मागे जिन्यावर शेजारच्या तीन जणी, हातात रिकाम्या वाट्या. वजन उतरवणारं विरजण हवं होतं त्यांना. आधी न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा, आता न केलेल्या कामाचा सत्कार! मला नक्की काय समजायचं, ते एकदा माणसांनी ठरवावं.

ड्रायव्हरबाईने डबी उघडली. सगळ्यांना चमचा चमचा दिला आणि बजावलं, "विरजण न्या. पण तुमच्या बिस्किटांचा डबा माझ्याकडे आणून ठेवा."

तिन्ही वाट्या जागच्या जागी थांबल्या. नणंद म्हणाली, "मी नंतर येते हं."

आता मी फडताळात झाकून बसलो आहे. उद्या पहाटे बाई स्टीअरिंगवर बसेल. मला चमत्कार करायला लावू नका, एवढीच विनंती. कोमट दूध द्या आणि ढवळू नका.