हा जबडा किती दाती?

"रगत! हाड रगत ओकतंय!"

बायनाबाईच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध शिवशंकर महाराज डोळे पांढरे करून डोलत होता. पुढ्यात परात, परातीत लाल फडकं आणि फडक्यावर शेंदूर फासलेला एक जबडा. महाराजानं तांब्यातलं हळदीचं पाणी शिंपडलं. पिवळं पाणी हाडाला लागलं आणि लालभडक होऊन खाली ओघळलं. बायांनी किंकाळ्या फोडल्या, पुरुषांनी हात जोडले.

"बोल! कुणाचं लेकरू हायस तू?" महाराजानं जबड्याला दरडावलं. मग स्वतःच बारीक आवाज काढून म्हणाला, "मी समाधान. मला बायनाआजीनं उकरून खाल्लं."

जबडा समोर पडलेला असताना समाधान महाराजाच्या तोंडानं का बोलत होता, हा प्रश्न एवढ्या माणसांत एकालाही पडला नाही. जबडा हलवायची तसदीदेखील भुतानं घेतली नव्हती.

मी जनावरांची डॉक्टर, मनिषा. उमापूरच्या पलीकडच्या या गावात त्या दिवशी लाळ्या-खुरकताची लस टोचायला गेले होते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथंच नांदायचंय, आणि तसलं गाव काही एकटंच नाही.

सकाळी सगळं ठीक होतं. मारुतीच्या पारापाशी बैल उभे केले होते आणि धुळाजीआबा माझ्या मदतीला होता. हा माणूस म्हणजे बैलबाजारातला शेवटचा शब्द. त्याचा अंगठा बैलाच्या तोंडात गेल्याशिवाय आसपासचा एक सौदा पुरा होत नाही. एका पोरानं "माझा बैल चार दाती हाय" म्हणताच आबानं बैलाचा ओठ वर केला, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चार दाती म्हणून कुणाला फसवतू बे? जुळून दोन वर्सं झाली ह्याला." मीही तपासलं. पुढचे आठही पक्के दात आलेले, म्हणजे बैल जुळलेला, वयानं पुरा. आबाचं बरोबर होतं.

याच आबाचा नातू समाधान श्रावणात तापानं गेला. सहा वर्षांचा होता. लहान लेकरांना जाळत नाहीत, म्हणून ओढ्याकाठी पुरला. आता त्याची धाकटी बहीण संस्कृती तशाच तापानं फणफणत होती. घरच्यांनी डॉक्टरच्या आधी शिवशंकर महाराजाला बोलावलं. त्यानं पोरीच्या दंडाला ताईत बांधला आणि सांगितलं, गावातल्या एका चेटकिणीनं पोरगं उकरून खाल्लं, आता पोरीचा नंबर आहे. मग तळहातावर नारळ उभा धरून तो गावभर हिंडला. नारळ कलला तो नेमका बायनाबाईच्या शेळीच्या खुंटीपाशी. तिथं हातानं माती उकरली आणि हा जबडा निघाला.

बायनाबाई कोण? एकटी राहणारी विधवा. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची, समाधानचंसुद्धा. एकटी बाई म्हणजे आपल्याकडे कुणीही येऊन ताप उतरवावा अशी सोयीची जागा.

हाडाचं रगत आणि भुताचं बोलणं मला मागाहून कळलं. ओरडा ऐकून मी धावत गेले, तेव्हा ती उताणी पडलेली होती. समाधानचा बाप परमेश्वर तिच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. दोघांनी तिचे हात मातीत दाबून धरले होते. परमेश्वरच्या हातात तारकुंपण आवळायची पक्कड होती.

"दातातच मंतर हाय!" महाराज ओरडत होता. "दात काढा, मंतर मरंल, पोरीचा ताप उतरंल!"

दोन दात आधीच निघाले होते. तिच्या हनुवटीवरून, मानेवरून रक्त वाहत केसांत जात होतं. तिसऱ्या दाताला पक्कड लागली तेव्हा जो आवाज झाला, तो मी अजून विसरलेले नाही. गुरं कापताना पाहिली आहेत मी. तिथंदेखील माणसं इतकी खुशीत नसतात.

तो दात निघायच्या आत मी परमेश्वरची कॉलर धरून त्याला मागं ओढलं. कुणीतरी माझ्या तोंडात लगावली. एक दगड भुवईवर बसला. ११२ ला फोन लागला होता, गावाचं नाव सांगून झालं होतं, तेवढ्यात कुणीतरी फोन हिसकून भिंतीवर आपटला.

"म्याडम, तुमी कावून मधी येताव?" परमेश्वर रडत होता, खरोखर रडत होता. "माजं एक लेकरू गेलंय. दुसरं चाललंय."

त्याचा मला राग आला आणि त्याची दयाही आली. पण पोलीस येईपर्यंत या बाईच्या तोंडात एकही दात राहिला नसता, आणि दात संपल्यावर हे थांबले असते असंही नाही.

तेव्हा मी परातीकडे वळले.

"हात लावू नगा!" महाराज किंचाळला. "जो ह्या हाडाकडं निरखून बघंल, त्याच्या घरातलं मूल महिन्यात जाईल!"

म्हणून कुणी पाहिलं नव्हतं तर! कुलूप मोठं झकास शोधलं होतं बुवानं. लेकराच्या जिवाला कोण धजणार?

"मला मूलबाळ नाही," मी म्हणाले. "मी बघते."

जबडा उचलला, पदरानं शेंदूर पुसला. एका नजरेत कळलं. पण मी भाषण दिलं असतं तर दुसरा दगड आला असता. मी सरळ धुळाजीआबापुढं गेले. तो कडेला, दोन्ही हात काठीवर ठेवून, दगडासारखा उभा होता. त्याच्या एका शब्दावर ही पक्कड थांबली असती. तो शब्द त्यानं दिला नव्हता.

"आबा, हा जबडा किती दाती?"

त्यानं मान फिरवली.

"तुमचाच नातू म्हणताय ना? मग नातवाच्या दाताला हात लावायला भिता कशाला?"

मी त्याचा अंगठा धरला आणि दातांवर टेकवला. हात काढून घ्यायला गेला, पण काढला नाही. आयुष्यभराची सवय असते. अंगठा आपणहून पुढच्या दातांवरून फिरला, मग मागच्या दाढांवर गेला, तिथं थांबला, परत फिरला.

"आबा, बोला की."

"जुळलेलं हाय," आबा पुटपुटला.

"मोठ्यानं."

"जुळून लई वर्सं झाल्यात. दाढा पार घासून गुळगुळीत." त्यानं अंगठा उचलला. "ह्ये म्हातारं हाय. ह्ये लेकराचं न्हाई."

"बाबा, कायबी काय बोलताव?" परमेश्वर ओरडला. पण पुन्हा उचललेली पक्कड त्याच्या हातातच थांबली.

गर्दी फाकली. संस्कृतीला खांद्यावर टाकून वनिता पुढं आली. समाधानची आई. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. ती जबड्याकडे बघत राहिली.

"समाधानचे खालचे म्होरचे दोन दात पडलते," ती म्हणाली. "म्या सोता पत्र्यावर फेकलते. त्या खिंडीत जीभ घालून हसायचं माजं लेकरू." तिनं बोट केलं. "ह्येला तर समदे हायती."

मग मी बोलले. सहा वर्षांच्या लेकराच्या तोंडात दुधाचे दात असतात, त्यांच्याखाली हाडात पक्के दात वाट बघत असतात. शेवटची दाढ यायला माणसाचं लग्नाचं वय उजाडतं. या जबड्यात शेवटची दाढसुद्धा उगवून, वर्षानुवर्षं पाला चावून झिजलेली होती. आतला तपकिरी भाग उघडा पडलेला. ज्याला बैलाचं वय कळतं त्याला हेही कळतं, फक्त तोंड उघडून बघावं लागतं.

"आणि हे बघा," मी जबड्याच्या दोन्ही बाजूंची खुंटं दाखवली. "इथं सुळे होते. लांब. कुणीतरी मोडलेत. सगळं हाड मातीनं तपकिरी झालंय, पण मोडलेली कड पांढरीशुभ्र आहे. म्हणजे पुरल्यावर, उकरून काढल्यावर मोडलेत. असले सुळे बुवालोक ताइतात घालतात. वनिता, त्या ताइतात काय आहे गं?"

"ताईत सोडू नगा! पोरगी मरंल!" महाराजानं पाऊल मागं घेतलं.

वनितानं क्षणभर पोरीकडं पाहिलं. मग दातानं दोरा तोडला. ताइताच्या डबीतून काळ्या चिंधीत गुंडाळलेला एक सुळा माझ्या हातात पडला. मी तो डाव्या खुंटावर टेकवला. तुटलेली कड तुटलेल्या कडेत बरोबर बसली.

आता कुणाला सांगायची गरज नव्हती, तरी मी सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात विजेच्या तारेला चिकटून एक म्हातारा हुप्प्या वानर मेला होता. वनखात्याला कळवा, असं मी म्हणाले तर हेच लोक माझ्या अंगावर आले होते. मारुतीरायाचा सेवक म्हणून त्याची बँड लावून अंत्ययात्रा काढली, कितीकांनी डोकी भादरली, पारामागं पुरून वर ओटा बांधला. दोघं जण पळत जाऊन आले. ओट्याची मागची फरशी सरकवलेली होती. कवटी जागेवर होती, खालचा जबडा नव्हता. ज्याच्या दहाव्याला गावानं जेवणं घातली, त्याच्याच हाडावरून गाव एका बाईचे दात उपटत होतं.

"मग रगत कसं आलं?" महाराज अजून हटायला तयार नव्हता. "हाडातून रगत आलं का न्हाई, समद्यांनी बघितलं!"

मी शेजारच्या म्हाताऱ्याची चुन्याची डबी घेतली, तळहाताला चुना चोळला आणि महाराजाच्या तांब्यात उरलेलं हळदीचं पाणी वर ओतलं. हात लालभडक झाला, शेंदराखाली चुना फासलेल्या त्या हाडासारखाच.

"आता माझ्या हातानं कुणाला खाल्लं, ते विचारा याला."

महाराज पळाला. चार पावलंसुद्धा गेला नसेल, गर्दीनं त्याला खाली पाडला. मघाशी हात जोडणारेच आता लाथा घालत होते. परमेश्वर त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि तीच रक्ताळलेली पक्कड त्याच्या तोंडात घातली. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला वाटलं, काढू द्या. मग मी पक्कड धरली. "परमेश्वर, तू अजून तेच करतोयस. फक्त माणूस बदलला."

तेवढ्यात मागं काहीतरी हललं. बायनाबाई उठून बसली होती. तिनं मातीत चाचपून आपले दोन दात शोधले, लुगड्याला पुसले. भिंतीचा आधार घेत धुळाजीआबापाशी गेली. तोंडात भरलेलं रक्त थुंकून टाकलं. तिनं तळहात पुढं केला.

"घे धुळाजी. लई पारख हाय तुला. बघ, मी किती दाती हाय."

आबानं काठी सोडली आणि तो मातीतच बसला. परमेश्वरच्या हातातली पक्कड मी काढून घेतली तेव्हा त्यानं अडवलं नाही.

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. महाराजाबरोबर परमेश्वरही गेला, हात धरणारे दोघंही गेले, आणि ते योग्यच झालं. संस्कृतीला त्याच गाडीतून बीडच्या दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. डास कुठून आले ते शोधायला नारळ लागला नाही. धुळाजीआबाच्याच दारात पाण्याचं उघडं पिंप होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. पोरगी वाचली. समाधानही वाचला असता, हे वनिताला कळलंय. ते तिला कुणी सांगितलं नाही.

बायनाबाई आता भाकरी कालवणात कुस्करून खाते. आबा बाजारात जातो, पण बैलाच्या तोंडात अंगठा घालत नाही म्हणे.

मला हे पटत नाही. आबा, अंगठा घाला. त्यात काही वाईट नव्हतं. बैलाच्या वेळी तुम्ही कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, स्वतः तोंड उघडून पाहिलं. तेच त्या अंगणात करायचं होतं, बाईच्या तोंडाला पक्कड लागायच्या आधी. जो बुवा म्हणेल "निरखून बघू नका," त्याच्याच हातातलं आधी निरखून बघा.